‘अंदाजाने’ म्हणजे नेमके किती?

घरी आईला किंवा आजीला विचारून पाहा, ‘आमटीत मीठ किती घालायचे?’ उत्तर ठरलेले असते : ‘अंदाजाने!’ ‘रवा किती वेळ भाजायचा?’ ‘वास सुटेपर्यंत.’ ‘पीठ किती सैल भिजवायचे?’ ‘हाताला कळते.’ ही उत्तरे खोटी नाहीत. ज्या हाताने वीस वर्षे भाकऱ्या थापल्या, त्या हाताला खरोखरच कळते. पण ज्याच्या हाताला अजून कळत नाही, त्याने काय करायचे? आणि तो माणूस आजीच्या शेजारी उभा नसून शेकडो कोस दूर असेल तर?

या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर काही माणसांची उपजीविका उभी आहे. खानावळ चालवून किंवा मिठाई विकून पोट भरणारी माणसे आपण नेहमी पाहतो. सातारचे कंदी पेढे किंवा सांगलीचे भडंग विकणारा दुकानदार पदार्थ विकतो. पण पदार्थ न विकता, तो कसा करावा एवढेच सांगून पैसे मिळवता येतात का? म्हणजे पेढा आपल्यापाशीच ठेवायचा आणि पेढ्याची कृती विकायची! हो, मिळवता येतात. मात्र त्यासाठी ‘अंदाजाने’ हा शब्द आधी हद्दपार करावा लागतो. तो कसा, हे पाहण्यासाठी आपण सांगली जिल्ह्यातल्या एका गावी जाऊ.

कुंडलच्या कमलाबाई

सातारा आणि सांगली हे शेजारी जिल्हे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेले कुंडल हे गाव त्याआधी औंध संस्थानात होते. खुद्द औंध मात्र आज सातारा जिल्ह्यात आहे. या कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जागेत नांगरांचा कारखाना उभारला. तीच किर्लोस्करवाडी. तिथल्या रेल्वे स्टेशनाचे जुने नाव ‘कुंडल रोड’ असे होते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१३ मध्ये, कुंडलला एका मुलीचा जन्म झाला. तिचे शालेय शिक्षण चौथीपर्यंत झाले. लग्न झाल्यावर सासूबाईंच्या हाताखाली ती स्वयंपाक शिकली. त्या काळातल्या हजारो मुलींची गोष्ट अशीच होती. पण या मुलीने पुढे, वयाची पन्नाशी उलटल्यावर, आपल्या हाताला जे कळत होते ते कागदावर उतरवले. १९७० मध्ये तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तकाचे नाव ‘रुचिरा’ आणि लेखिकेचे नाव कमलाबाई ओगले.

‘रुचिरा’ काढली ती किर्लोस्कर प्रकाशनाने. ज्या किर्लोस्करवाडीत १९२० पासून ‘किर्लोस्कर’ मासिक आणि १९३० पासून ‘स्त्री’ मासिक निघू लागले, तिथेच या प्रकाशनाची मुळे होती. म्हणजे कुंडलच्या लेकीचे पुस्तक कुंडलच्याच शिवेवर रुजलेल्या संस्थेने छापले! या पुस्तकाच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. त्याचा इंग्रजी अवतारही निघाला. कमलाबाई १९९९ मध्ये वारल्या, पण पुस्तक अजून विकत मिळते. कदाचित तुमच्या घरातल्या फडताळातही हळदीचे डाग पडलेली एखादी प्रत असेल.

मराठीत पाककृतींची पुस्तके त्याआधी नव्हती असे नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मध्ये आले. मग चौथी शिकलेल्या एका गृहिणीच्या शब्दांवर लाखभर घरांनी विश्वास का ठेवला? त्याचे एक कारण आपल्याला मापांच्या इतिहासात सापडते.

शेर गेला, वाटी राहिली

तुमच्या पणजीच्या काळी धान्य आणि किराणा शेर, पावशेर, छटाक आणि तोळा या मापांत मिळत असे. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण सगळीकडे शेर पक्काच असे असे नव्हते. कच्चा शेर वेगळा, पक्का शेर वेगळा, आणि धान्य मोजण्याची पायली तर एका बाजारपेठेतून दुसऱ्या पेठेत गेली की बदलत असे. अशा वेळी ‘पावशेर तूप घ्यावे’ असे पुस्तकात छापले, तरी वाचणाऱ्याचा पावशेर आणि लिहिणाऱ्याचा पावशेर एकच असेल याची खात्री कोण देणार?

१९५६ च्या कायद्याने आपल्या देशात दशमान वजनमापे आली. १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. दुकानात किलोग्रॅम आणि लिटर आले. स्वयंपाकघरात मात्र तराजू आला नाही. तिथे होती वाटी आणि चमचा. ‘रुचिरा’तल्या कृतींत साहित्य मोजले आहे ते याच वाटीने आणि चमच्याने. घरात जे आहे त्यानेच मोजायचे, असा हा व्यवहार होता.

आता तुम्ही विचाराल, की प्रत्येक घरातली वाटी सारखी कुठे असते? एकीत १५० मिलिलिटर पाणी मावते, दुसरीत २००. बरोबर! पण जरा विचार करा. शिऱ्यासाठी एक वाटी रवा, एक वाटी साखर, अडीच वाट्या पाणी घ्यायचे असेल, तर वाटी लहान असो की मोठी, काय फरक पडतो? शिरा कमी किंवा जास्त होईल, पण बिघडणार नाही. कारण पदार्थाची चव आणि पोत ठरतो तो साहित्याच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणावर. गणितातले गुणोत्तर ते हेच. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले की वाटीचे आकारमान गुणोत्तरातून आपोआप निघून जाते.

गुणोत्तर चुकते ते वाटी आणि चमचा एकत्र आले की. समजा कृतीत चार वाट्या आमटीला दोन चमचे मीठ सांगितले आहे आणि लिहिणाऱ्याची वाटी १५० मिलिलिटरची आहे. तुमची वाटी २०० मिलिलिटरची असेल आणि चमचा तेवढाच, तर आमटी एक-तृतीयांशाने वाढली, पण मीठ तेवढेच राहिले. मिठाचे प्रमाण पाऊण पट झाले. आमटी अळणी! म्हणून पाककृती लिहिणाऱ्या जाणत्या माणसाने आपली वाटी किती मिलिलिटरची आहे हे आधीच सांगितले पाहिजे.

दुसरी अडचण पिठाची. पाणी दाबले जात नाही, पीठ दाबले जाते. चाळून अलगद भरलेल्या वाटीत कणांच्या मध्ये पुष्कळ हवा असते. डब्यात वाटी खुपसून दाबून भरली तर हवा कमी आणि पीठ जास्त. आकारमान तेच, वस्तुमान वेगळे. म्हणजेच घनता वेगळी. ‘एक वाटी बेसन’ या तीन शब्दांत अशी दोन-तीन बेसने दडलेली असतात. ‘चाळून, सपाट वाटी’ असे दोन शब्द जादा लिहिले की प्रश्न मिटतो. पाककृती सांगून पैसे मिळवणारा माणूस खरे तर अशा जादा शब्दांचेच पैसे घेत असतो.

हाताचे ज्ञान शब्दांत आणताना

माप नेमके झाले, तरी काम संपत नाही. स्वयंपाकातले पुष्कळसे ज्ञान हातात, नाकात आणि कानात साठलेले असते. ते शब्दांत आणायचे तर ‘काय करायचे’ याबरोबर ‘का करायचे’ हेही ठाऊक असावे लागते.

सातारा-सांगलीकडच्या रोजच्या जेवणातली ज्वारीची भाकरीच घ्या. कणीक गार पाण्याने भिजते, मग भाकरीचे पीठ मळताना कढत पाणी का घालतात? गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातल्या प्रथिनांपासून ग्लुटेन नावाचे चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते. त्यामुळे कणीक लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नसते. मग पीठ एकत्र बांधणार कोण? कढत पाण्याने ज्वारीतल्या पिष्टाचे काही कण फुगतात, चिकट होतात आणि पिठाला धरून ठेवतात. आजीने हे शास्त्र वाचलेले नसते, पण जुन्या पिठाची ‘विरी’ गेली की भाकरी थापताना फाटते आणि अशा वेळी पाणी जास्त कढत लागते, हे तिला पक्के माहीत असते. कृती लिहिणाऱ्याने हे कारण ओळखले, तर ‘कढत पाणी’ हे शब्द तो कधी गाळणार नाही.

एकतारी पाकाचे पाहा. बोट आणि अंगठा यांच्यामध्ये पाकाची तार धरून बघायची ही रीत म्हणजे पाकाचा दाटपणा मोजण्याचे एक उपकरणच आहे. पाक उकळतो तशी त्यातली पाण्याची वाफ निघून जाते, साखरेचे प्रमाण वाढते, पाक दाट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदूही वर चढतो. ज्याच्याकडे तापमापक आहे तो अंश मोजेल, ज्याच्याकडे नाही तो तार मोजेल. दोघेही एकच गोष्ट मोजत आहेत. उलट ‘दहा मिनिटे पाक उकळा’ असे लिहिले तर ती फसवणूक ठरेल, कारण दहा मिनिटांत किती पाणी उडेल हे पातेल्याची रुंदी आणि आच यांवर अवलंबून असते. म्हणजे घड्याळापेक्षा इथे बोटच जास्त शास्त्रीय आहे!

कुकरच्या शिट्ट्यांचेही तसेच. ‘तीन शिट्ट्या’ हे वेळेचे माप नव्हे. मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात, मंद आचेवर उशिरा. कुकर लहान की मोठा, आत पाणी किती, यांवरही ते ठरते. डाळ शिजते ती शिट्टीच्या आवाजाने नव्हे, तर वाढलेल्या दाबामुळे चढलेल्या तापमानात ती किती वेळ राहिली त्यावर.

सांगलीची कृती महाबळेश्वरात

आता एक गंमत पाहा. सांगली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. सातारा जिल्ह्यातले महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर. उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण ३०० मीटर चढलो की उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. या हिशेबाने सांगलीत पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरात ९५-९६ अंशांच्या आसपास.

उघड्या पातेल्यात पाणी एकदा उकळू लागले की आच कितीही वाढवा, तापमान वाढत नाही. फक्त वाफ जास्त होते. म्हणून सांगलीत जेवढ्या वेळात तूरडाळ मऊ होईल, त्याहून अधिक वेळ महाबळेश्वरात लागेल. सांगलीत लिहिलेली ‘इतकी मिनिटे उकळा’ ही सूचना अक्षरशः पाळली, तर महाबळेश्वरात डाळ बोटचेपी होणार नाही. चूक कोणाची? रांधणाऱ्याची नव्हे. लिहिणाऱ्याने मिनिटांबरोबर ‘डाण्याचा मध्य दाबला गेला पाहिजे’ अशी खूण दिली असती, तर कृती घाट चढूनही टिकली असती.

तांदळाची हीच कथा. जुना तांदूळ नव्या तांदळापेक्षा जास्त पाणी पितो. नुसते ‘दोन वाट्या पाणी’ लिहून भागत नाही. तांदूळ कोणता हे सांगावे लागते.

प्रयोगशाळेत तुम्ही प्रयोगाची वही लिहिता तेव्हा साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष असे टप्पे पाडता. कशासाठी? दुसऱ्या कुणी तीच वही वाचून तोच प्रयोग केला, तर तेच उत्तर यावे म्हणून. विज्ञानात ज्या प्रयोगाची पुनरावृत्ती होत नाही त्याला किंमत नसते. पाककृतीचेही अगदी तसेच आहे. तुमच्या हातचा पेढा उत्तम झाला म्हणून कुणी पैसे देणार नाही. तुमची कृती वाचून त्याच्या हातचा पेढा उत्तम झाला, तर देईल. आणि एकदा का तुमच्या कृतीने त्याचा अर्धा किलो खवा वाया गेला, की तो पुन्हा तुमच्याकडे वळणार नाही.

पैसा येतो कुठून?

पुस्तकाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. प्रत विकली गेली की तिच्या किमतीचा ठरावीक हिस्सा लेखकाला मिळतो. त्याला रॉयल्टी म्हणतात. समजा पुस्तक २०० रुपयांचे आहे आणि हिस्सा शेकडा १० आहे, तर एका प्रतीमागे २० रुपये. महिन्याला १०,००० रुपये हवे असतील तर दर महिन्याला ५०० प्रती खपल्या पाहिजेत, त्याही एक-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुरणपोळी कुणाच्याही मालकीची नाही. पदार्थावर किंवा त्याच्या साहित्यावर हक्क सांगता येत नाही. मात्र ती कशी करावी हे तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहिलेत, तर त्या लिखाणावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तुमचा हक्क राहतो. म्हणून दुसऱ्याची कृती शब्दशः उतरवून आपल्या नावावर खपवणे ही चोरीच होय.

आज हे काम पुस्तकाबरोबर मोबाइलच्या पडद्यावरही चालते. तिथे पाहणारा माणूस काहीच देत नाही. पैसे देतो तो जाहिरातदार. यूट्यूबचा नियम उदाहरणादाखल पाहू. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी २०१८ पासून किमान १,००० सदस्य आणि आधीच्या बारा महिन्यांत प्रेक्षकांनी पाहिलेले ४,००० तास अशी अट आहे. (अगदी छोट्या चित्रफितींसाठी अट वेगळी आहे.) ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एका प्रेक्षकाने सरासरी चार मिनिटे पाहिले असे धरले, तर ६०,००० वेळा पाहिले गेल्यावर कुठे दार उघडते.

दार उघडल्यावर मोठ्या चित्रफितींच्या जाहिरात-उत्पन्नातले शेकडा ५५ करणाऱ्याला मिळतात. समजा हजार वेळा पाहिल्यामागे जाहिरातीचे ६० रुपये आले, तर त्याचा वाटा ३३ रुपये. महिन्याला १०,००० रुपयांसाठी तीन लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले पाहिजे! हे ६० रुपये आपण हिशेबासाठी धरले आहेत. खरा दर भाषा, ऋतू आणि जाहिरात यांप्रमाणे बदलतो. सणासुदीला चढतो, एरवी उतरतो. शिवाय गॅस, किराणा, दिवे यांचा खर्च त्यातून वजा करायचा. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, पण थेंब किती लहान आहे हे आधी मोजलेले बरे.

तळे साचल्याची उदाहरणेही आहेत. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या सारोळा कासार इथल्या सुमन धामणे या सत्तरीच्या आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ या नावाने गावाकडचा स्वयंपाक दाखवायला सुरुवात केली. त्यांच्या कारल्याच्या भाजीने लाखो लोकांना खिळवून ठेवले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात काही दिवस त्यांची वाहिनी चोरट्यांनी बळकावली होती. ती परत मिळाली, म्हणून बरे. पुस्तकाची प्रत वाचकाच्या फडताळात असते. पडद्यावरची कमाई मात्र दुसऱ्याच्या जागेत थाटलेल्या दुकानासारखी असते. जागामालकाने नियम बदलला किंवा चोर शिरला, तर गल्ला थांबतो. म्हणून जाणती माणसे एकाच धंद्यावर विसंबत नाहीत. कुणी मसाले विकतो, कुणी शिकवणीचे वर्ग घेतो, कुणी पुस्तक लिहितो.

करून पाहा

१. पाच घरांतून आमटीची एकेक वाटी आणा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने प्रत्येकीत किती मिलिलिटर पाणी मावते ते मोजा. सरासरी काढा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या वाटीत शेकडा किती फरक आहे?

२. एकाच वाटीने ज्वारीचे पीठ दोनदा मोजा : एकदा चाळून अलगद भरून, एकदा दाबून. प्रत्येक वेळी वाटी वरून सपाट करा आणि तराजूवर वजन करा. दोन्हींची घनता काढा.

३. घरातला एखादा पदार्थ होत असताना शेजारी उभे राहा. आईने चिमूटभर घेतलेले तिखट आधी कागदावर घेऊन मोजा, मग घालू द्या. ‘अंदाजाने’ हा शब्द एकदाही न वापरता कृती लिहा. ती वर्गमित्राला द्या. तोंडाने मात्र काही सांगू नका. त्याने मोठ्यांच्या देखरेखीखाली तो पदार्थ केला की चाखून पाहा. जिथे फसला असेल, तिथे तुमच्या लिखाणात कोणता शब्द कमी पडला ते शोधा आणि कृती पुन्हा लिहा.

शिक्षकांनी हा तिसरा प्रयोग वर्गात जरूर घ्यावा. गुणोत्तर, घनता, उत्कलनबिंदू आणि नेमके मराठी लिहिणे, असे चार तास त्यात एकत्र होतात.

सातारा-सांगलीच्या घराघरांत अजून कितीतरी कृती कुणी कागदावर उतरवलेल्या नाहीत. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी, हुरड्याच्या दिवसांतली चटणी, यात्रेतले जेवण. त्या एखाद्या आजीच्या हातात आहेत, आणि त्या हाताबरोबरच संपतील. त्या लिहून ठेवल्याने तुम्हाला पैसे मिळतील की नाही, हे आज कुणी सांगू शकणार नाही. पण नीट मोजून, कारण समजून लिहिलेल्या कृतीला किंमत येऊ शकते, हे चौथी शिकलेल्या कमलाबाईंनी दाखवून दिले आहे. तेव्हा पुढच्या वेळी आजी ‘अंदाजाने’ म्हणाली, की वही आणि वाटी घेऊन तिच्या शेजारी बसा.